एक्केचाळीस नंबरचं गाठोडं

मित्रांनो, आधीच कबूल करतो, मी जातीचा भित्रा आहे. लाकडी पेटारा म्हटला की लोकांना वाटतं, काय भक्कम, काय निधड्या छातीचा! माझी छाती साडेतीन हात लांब आहे हे खरं, पण उंदरानं जरा खुडबुड केली तरी माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं. आता तर वय झालंय. बिजागऱ्या कुरकुरतात, एक कोपरा वाळवीनं खाल्लाय, आणि येणारे-जाणारे 'हे धूड अजून इथंच?' म्हणून पुढे जातात. म्हणू देत. पण मी जे पाहिलं ते सांगायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून धीर करून बोलतो.

१९३२ साली उत्तनच्या किनाऱ्यावर डॉमनिक सुतारानं मला घडवलं. डॉमनिकचा धंदा होड्या बांधायचा. पेटारा त्यानं आयुष्यात केला नव्हता. मग त्या भल्या माणसानं काय करावं? होडीसारखाच पेटारा केला! होडीतून उरलेल्या सागवानी फळ्या घेतल्या, सांध्यासांध्यात कापूस ठासला, वरून राळेचा लेप दिला, आणि झाकण असं घट्ट बसवलं की मुंगीलाही वाट राहू नये. वर लोखंडाची जाडजूड कडी. झाकण पडलं की कडी आपल्याच वजनानं कोयंड्यात जाऊन बसायची. बघणाऱ्यांनी वाहवा केली. दर्यात सोडला तर वसईला लागेल पण बुडायचा नाही, असं डॉमनिक ज्याला त्याला सांगायचा. जमिनीवर बसणाऱ्या पेटाऱ्याला बुडायची भीती कसली, हे कुणी विचारलं नाही. मीही तेव्हा फुशारलोच होतो.

मला बैलगाडीत घालून डोंगरीजवळच्या टेकडीवर नेलं. तिथं एक बालगृह होतं. त्याचं नाव सांगत नाही. आता ते नाही आणि ते चालवणारेही नाहीत. फाटकातून आत आलं की ओसरी, आणि ओसरीत भिंतीला टेकून मी.

तिथले मुख्य होते रुडॉल्फसाहेब. माणूस दुष्ट नव्हता, हे मी आजही सांगेन. तापाच्या साथीत शेतावर, मिठागरात, कोळीवाड्यात मुलं पटापट गेलेली त्यांनी पाहिली होती. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं की गरिबाच्या घरी मूल मरतं आणि आपल्याकडे जगतं. म्हणून मूल आलं की आधी त्याचे केस काढायचे, अंगावरचे कपडे उतरवायचे, त्यांचं गाठोडं करून त्याला नंबराचा पत्रा बांधायचा आणि ते माझ्या पोटात टाकायचं. मुलाला नवीन नाव मिळायचं. वहीत फक्त नंबर, नवीन नाव, तारीख आणि आणणाऱ्याचा अंगठा. गाव मुद्दाम लिहायचं नाही. गाव लिहिलं की गाव आठवतं, असं साहेबांचं म्हणणं. भेटायला येणाऱ्यांना फाटक बंद. आणि रोज सकाळी मुलांकडून एक वाक्य म्हणवून घ्यायचे: "बाहेर ताप आहे, बाहेर भूक आहे, आम्ही इथं सुखी आहोत."

पाहुणे यायचे, रांगेत उभी मुलं बघायचे, माझं झाकण उघडून नीट लावलेली गाठोडी बघायचे आणि शाबासकी देऊन जायचे. मला ती शाबासकी कधी गोड लागली नाही. आतली इवलीइवली झबली अंगाला लागायची आणि वाटायचं, आपण हे सांभाळतोय की पुरतोय?

१९३६ च्या आषाढात एकाच आठवड्यात दोन मुली आल्या. पहिली नवघरच्या रंभाची, दोन वर्षांची. रंभा मिठागरात राबायची. पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली गेली की काम बंद आणि चूलही बंद. नवरा त्याच साली तापानं गेलेला. टेकडीवर चार महिने मूल सांभाळतात, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. तिनं वहीत अंगठा उठवला आणि साहेबांना म्हणाली, "कार्तिकान येन मी हिला न्यायला." साहेबांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पोरीच्या झबल्याच्या काठात तिनं मिठाची पुरचुंडी शिवली होती, दृष्ट लागू नये म्हणून. त्या गाठोड्याला नंबर मिळाला एक्केचाळीस. पोरीला नाव मिळालं शालन.

दुसरी उत्तनची, लुईझा म्हातारीची नात. आई बाळंतपणात गेलेली, लुईझा स्वतः अंथरुणाला खिळलेली, म्हणून शेजाऱ्यानं आणून सोडली. अंगात लाल चौकड्यांच्या लुगड्याचं शिवलेलं झबलं. नंबर बेचाळीस. वीस दिवसांत तिला ताप भरला. साहेब म्हणायचे ताप बाहेर असतो, पण ताप काही फाटकाशी परवानगी मागत नाही. एका सकाळी तिला चादरीत गुंडाळून माझ्यासमोरून नेलं. वहीत 'मयत' लिहिलं. लुईझाला कळवायचं ते आज कळवू, उद्या कळवू करत राहून गेलं, आणि पुढे इतके दिवस का कळवलं नाही हे सांगायला तोंड उरलं नाही. लुईझा बरी झाली, स्वतः आली, तर नियमावर बोट ठेवून तिला परत पाठवलं. नात जिवंत आहे असं समजून ती बिचारी टेकडी उतरली.

रंभाही कार्तिकात आली. नवघरहून राई-मुर्ध्यावरून उन्हातान्हात चालत आली होती. साहेबांनी फाटकातूनच नियमाचा कागद दाखवला: मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत परत मिळणार नाही. तिला अक्षर कळत नव्हतं. तिनं कागदाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि गज धरून उभी राहिली. मग दर कार्तिकात यायची, उभी राहायची, जायची. आत हाकेच्या अंतरावर तिची पोर अंगण झाडत असायची. पण आई ओळखणार कशी? सगळ्या मुलींची डोकी एकसारखी, झगे एकसारखे, नावं परकी. मला माहीत होतं. माझा जीव नुसता टांगणीला लागायचा. पण पेटाऱ्यानं बोलावं कसं?

त्यात ती मिठाची पुरचुंडी. दर पावसाळ्यात ती पाझरायची. डॉमनिकच्या कारागिरीनं माझे सांधे इतके घट्ट की आत धरलेली ओल बाहेर जाईना. एक्केचाळीस आणि बेचाळीस ही गाठोडी शेजारीशेजारी होती. ओलीनं दोन्हींचे दोरे कुजले आणि एका पावसाळ्यात दोन्ही पत्रे गळून माझ्या तळाशी पडले. आवाज एवढासाच झाला. आता कुठलं गाठोडं कुणाचं, हे जगात मला एकट्यालाच ठाऊक उरलं होतं.

१९४३ उजाडलं. लढाई चाललेली, कापड कुठे मिळेना. रुडॉल्फसाहेब थकून आपल्या बहिणीकडे राहायला गेले आणि त्यांच्या जागी नोराबाई आल्या. तिशीतली, वसईकडची, चालताना चपलांचा फटफट आवाज करणारी बाई. बालगृह चालवणाऱ्या मंडळाचा निरोप आला की पेटाऱ्यातल्या जुनेरांच्या गोधड्या करून टाका. नोराबाई कात्री घेऊन आल्या आणि माझी पाचावर धारण बसली. त्यांनी पहिलं गाठोडं सोडलं. त्यात एक झबलं होतं, बगलेत ठिगळ, ठिगळावर लहानसं फूल काढलेलं. त्या बघतच राहिल्या. मग स्वयंपाकाच्या बाईला त्यांनी विचारलं, "हे फूल काढणारी आई मेली नव्हती ना?"

बाई खाली बघून म्हणाली, नाही, इथल्या बऱ्याच पोरांना कुणी ना कुणी आहे.

नोराबाईंनी कात्री ठेवून दिली. त्याच आठवड्यात सकाळचं ते वाक्य बंद झालं आणि रविवारी फाटक उघडं राहायला लागलं. मुलाला घर असेल तर ते घरी गेलं पाहिजे, आणि घरात खायला नसेल तर घराला मदत करा, मूल काढून घेऊ नका, असं त्या मंडळाशी भांडून आल्या. गाठोडी काखोटीला मारून गावोगाव फिरल्या. कुठलं लुगडं कुठल्या गावचं, कुठला टाका कुणाच्या हातचा, हे बायकांना दाखवून विचारायचं, ही त्यांची पद्धत. आठ महिन्यांत अकरा मुलांची घरं सापडली. एकदम पाठवायची नाहीत हं. आधी घरच्यांनी दर रविवारी यायचं, मुलाची ओळख पटली, भीती गेली की मगच न्यायचं. मला वाटलं, आता माझं भ्यायचं आयुष्य संपलं. कसलं काय!

तळाशी दोन गंजके पत्रे आणि बिननंबराची दोन गाठोडी त्यांच्या हाती लागली. वहीत बघितलं. एक्केचाळीस शालन, बेचाळीस मयत. नोराबाईंनी डोकं चालवलं. शालन बोलायची ती उत्तनच्या धाटणीनं, कारण तिला वाढवणारी स्वयंपाकाची बाई उत्तनची; ही बाई त्या दोघी आल्यानंतर कामाला लागलेली. चौकड्यांचं झबलंही उत्तनचं. आणि दुसरं गाठोडं तर ओलीनं काळं पडलेलं, मेलेल्या मुलाचंच वाटावं असं. त्यांनी चौकड्यांना एक्केचाळीसचा पत्रा बांधला. मी आतल्या आत ओरडलो, मित्रांनो! अहो बाई, उलटं, उलटं झालं! माझी बिजागरी तेवढी कुरकुरली. त्यांनी तिला तेल घातलं.

मग सगळं भराभर घडलं. लुईझा म्हातारीनं चौकडा पाहताक्षणी ओळखला. खोटं काहीच नव्हतं, लुगडं तिचंच होतं. ती टेकडीवर आली, शालनकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हीच." चार रविवार ती आली. शालन तिच्याजवळ बसायची, पण अंग आखडून. नऊ वर्षांची पोर, फाटकाबाहेर एकदाही गेलेली नाही. 'बाहेर ताप आहे, बाहेर भूक आहे' हे तिनं इतकी वर्षं म्हटलेलं. नोराबाईंनी वाक्य बंद केलं, पण ते पोरीच्या हाडात मुरलं होतं त्याचं काय? यावेळी नोराबाईंनी घाई केली. तिला बरं वाटेल, घरी गेली की रुळेल, असं म्हणाल्या आणि न्यायला पाचवा रविवार ठरवला, तो कार्तिकातला.

त्याहून भयंकर म्हणजे, नवघरची एक बाई कार्तिकात येते हे स्वयंपाकीणबाईनं त्यांना सांगितलं होतं. नोराबाईंनी हिशेब जुळवला: काळं पडलेलं गाठोडं हिच्याच मुलीचं. "आली की मीच तिला सांगेन," त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणजे बघा, जिवंत लेकरू आत असताना आईला सांगणार की तुझं लेकरू गेलं! आणि ती ऐकून मुकाट परत जाणार, पुढच्या कार्तिकात येणार नाही, आणि कधीच येणार नाही.

तो रविवार आला. उरलेली गाठोडी ऊन द्यायला ओसरीच्या कट्ट्यावर मांडली होती. मी रिकामा, झाकण उघडं. दुपारी खाली बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज आला. लुईझा येत होती. शालन आतून धावत आली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि माझ्या आत शिरली. गुडघे पोटाशी घेतले. आणि तिनं झाकण ओढून घेतलं.

कडी पडली. कोयंड्यात बसली.

आता सांगतो तेव्हाही माझे सांधे गार पडतात. आधी तिला वाटलं, बरी लपले. मग तिला गरम व्हायला लागलं. तिनं झाकण ढकललं. पुन्हा ढकललं. मग दोन्ही हातांनी बडवलं. मी डॉमनिकच्या नावानं बोटं मोडली. एवढी राळ कशाला रे भरलीस? एक फट, एक सुईएवढी फट ठेवली असतीस तर! ती "बाई, बाई" म्हणून रडत होती आणि तिचा आवाज माझ्याच भिंतींत विरत होता. आजवर मला उंदराची भीती वाटली, वाळवीची वाटली. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली. आपल्या पोटात एक लेकरू मरणार आणि आपण गप्प बसून राहणार!

बाहेर शालन सापडेना म्हणून धावाधाव सुरू झाली. नोराबाई विहिरीकडे पळाल्या, लुईझा त्यांच्यामागे, मुलं टेकडीच्या उताराकडे. ओसरी ओस पडली. आत बडवणं थांबलं.

आणि उघड्या फाटकातून रंभा आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला फाटक उघडं दिसलं होतं. कुणी नाही बघून ती दबकत ओसरीपर्यंत आली. कट्ट्यावर गाठोडी मांडलेली. काळ्या पडलेल्या झबल्यापाशी ती थांबली. काठ चाचपला. आतलं मीठ हाताला लागलं. ते झबलं तिनं तोंडाशी धरलं आणि खाली बसली, पाठ मला टेकून. तिच्या पाठीची धडधड मला इकडून कळत होती आणि आतली धडधड मंद होत चाललेली तिकडून. माणसाला वेड लागायची पाळी, मी तर लाकूड.

इतक्यात विहिरीकडून बोलण्याचा आवाज जवळ आला. रंभा दचकली. हातात इथली वस्तू, आत यायची परवानगी नाही. आता चोर म्हणतील आणि हे फाटक कायमचं बंद होईल, एवढंच तिच्या मनात आलं असणार. घाईघाईनं झबलं त्याच्या मूळ जागी ठेवून द्यावं म्हणून तिनं माझी कडी उचलली, कारण गाठोड्यांची जागा पेटाऱ्यात हे सात वर्षांपूर्वी तिनं पाहिलं होतं. झाकण वर झालं. वारा आत शिरला.

रंभानं किंकाळी फोडली नाही. तिनं पोरीला काखेत हात घालून बाहेर ओढलं, मांडीवर घेतलं, तोंडावर फुंकर घातली, पाठ चोळली. शालनच्या ओठांचा निळा रंग हळूहळू गेला. ती खोकली. रंभानं तिचं डोकं छातीशी धरलं, कुणाची पोर आहे हे माहीत नसताना.

नोराबाई आणि लुईझा धावत आल्या आणि तिथंच खिळल्या. नोराबाईंनी पोरीची नाडी बघितली, पाणी पाजलं. मग त्यांची नजर रंभाच्या पायाशी पडलेल्या झबल्यावर गेली.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माजे पोरीचा हाय," रंभा म्हणाली. "मी चोरला न्हाय, बाई. आत ठेवत होतू."

नोराबाईंनी डोळे मिटले. सांगायची वेळ आली होती. त्या खाली बसल्या, रंभाचा हात हातात घेतला आणि शब्द जुळवायला लागल्या. आता पुढचं वाक्य निघालं की संपलं, असं मला झालं.

"थांब बाय," लुईझा म्हणाली. म्हातारी कट्ट्याला धरून उभी होती. "काय सांगू नको तिला. ही माजी नात न्हाय."

नोराबाईंना काही उमगेना. लुईझानं शालनच्या पायाकडे बोट केलं. "माजे नातीच्या उजव्या पायाची दोन बोटं जुळलेली होती. जन्माची. हिची सुटी हाय. मला पैल्या दिवशी कळला. घर रिकामा हाय माजा, म्हणून मी गप बसली."

नोराबाईंनी एकदा काळ्या झबल्याकडे बघितलं, एकदा चौकड्यांकडे, आणि आपण पत्रे उलटे बांधले हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी शालनचा हात रंभाच्या हातात दिला. रंभा पोरीकडे बघत राहिली. मग तिनं तिला मांडीवरून उतरवलंच नाही.

लुईझा मात्र अजून उभी होती. तिनं खरं बोलून टाकलं होतं आणि त्याचा अर्थ तिलाही कळायला लागला होता. "मग माजी कुठं हाय?" तिनं विचारलं.

नोराबाईंनी सांगितलं. लपवाछपवी केली नाही. किती दिवस होती, कशानं गेली, कुठे ठेवली, सात वर्षं का कळवलं नाही, सगळं सांगितलं, आणि मंडळाच्या वतीनं त्या म्हातारीच्या पाया पडल्या. लुईझा कट्ट्यावर बसली. मग गाडीवानाला हाक मारून तिनं एक बोचकं आणवलं. त्यात सात झगे होते. दर नाताळला तिनं नातीसाठी एक शिवला होता, आदल्या सालापेक्षा थोडा मोठा. "आता घरी नेऊन काय करू?" ती म्हणाली. "कापड मिळत न्हाय बोलतात. पोरींना घाला." त्या संध्याकाळी बालगृहातल्या सात मुली लहानमोठ्या मापाच्या सात झग्यांत अंगणात उभ्या होत्या, आणि म्हातारी गुडघे टेकून एकेकीची गोट खालीवर करत होती. मध्येच थांबून ती डोळे पुसायची आणि पुन्हा सुई घ्यायची.

शालन लगेच गेली नाही. पेटाऱ्याच्या दिवसानंतर तिला दार लावलेलं चालेना. नोराबाईंनी आता घाई केली नाही. रंभा दर रविवारी यायची. पहिले दोन रविवार पोर तिच्यापासून हातभर लांब बसली, तिसऱ्याला जवळ सरकली. माघात मिठाचे ढीग लागले तेव्हा ती आईबरोबर नवघरला गेली, मागे वळून तीनदा बघत. तिचं आधीचं नाव रंभानं सांगितलं होतं, पण पोरीला शालनच आवडायचं, म्हणून आईही शालन म्हणायला लागली. नोराबाईंनी डॉमनिकला बोलावून माझी कडी काढून टाकली आणि माझ्या अंगाला बारा भोकं पाडून घेतली. भोकं पाडून झाल्यावर डॉमनिकनं प्रत्येकात बोट घालून पाहिलं. त्यानंतर कुणाही मुलाचे कपडे माझ्यात ठेवले नाहीत. जे अंगावर घालून येतील ते त्यांच्याच उशाशी.

मित्रांनो, जुन्या लाकडाला ओल लागू देऊ नका, ऊन दाखवा, वाळवीपासून जपा, असं मी मागायला हवं. पण मला ते मागायचं नाही. मला तोंड नव्हतं म्हणून मी सात वर्षं गप्प राहिलो, आणि ती भीती अजून माझ्या फळ्यांत आहे. तुम्हाला तोंड आहे. कुणी फाटकाशी उभं राहून आपलं माणूस मागत असेल, तर त्याला आत बसवा आणि खरं ते सांगा. वाईट असलं तरी सांगा. त्याच दिवशी सांगा.